शिक्षकाची नोकरी सोडावी का? १९२० चा एक राजीनामा आणि आपल्या घरातला प्रश्न

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी घोडेगावच्या एसटी स्टँडजवळ एक शिक्षिका मला भेटायला आली. वय एकोणतीस. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर ती नोकरीला आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "जय भीम दादा" म्हणत ती समोर बसली आणि चहा येण्याआधीच तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा होता. "उद्या पंचायत समितीत देणार आहे. फक्त भाषा बरोबर आहे का तेवढं बघा."

भाषा अगदी बरोबर होती. मी कागद उलटा केला आणि तिच्या हातात पेन दिले. म्हटले, "मागच्या बाजूला लिही, पगारातून दर महिन्याला काय काय जातं." तिने लिहिले : घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या भावाची फी, वडिलांची औषधे, स्वतःची खोली आणि गाडीचे पेट्रोल, विहाराची वर्गणी. शेवटची ओळ लिहून ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. आईला अजून काही सांगितलेले नव्हते.

हा लेख तिच्यासाठी आहे, आणि गेल्या काही वर्षांत जुन्नर-आंबेगावात फिरताना हाच प्रश्न घेऊन भेटलेल्या इतरांसाठीही. खरे सांगायचे तर तो माझ्यासाठीही आहे, कारण असा एक कागद मीही एकदा लिहिला होता.

आपल्या घरांत शिक्षकाची नोकरी ही फक्त नोकरी नसते. नारायणगाव-मंचर पट्ट्यात कांदा-टोमॅटोच्या रानात रोजंदारी करून आईवडिलांनी पोरीला डी.एड. केलेले असते. मग टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टलवरची वाट पाहणे. निवड झाली की तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना सहा हजार रुपये मानधन होते, त्या वर्षी ते सोळा हजार झाले. त्यानंतर कुठे २९,२०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी मिळते. तोवर उमेदीची दहा वर्षे गेलेली असतात. त्या वेतनावर बँक कर्ज देते, दुकानदार विश्वास ठेवतो, बहिणीचे लग्न जमते. म्हणून "मला ही नोकरी नको" हे वाक्य घरात उच्चारताच पहिली प्रतिक्रिया रागाची येते. तो राग समजून घेतला पाहिजे, कारण तो भीतीतून येतो.

पण त्या रागामुळे दुसरी एक गोष्ट घडते. दुःखी असणे हाच गुन्हा ठरतो. "लोक या नोकरीसाठी मरतात आणि तुला रडू येतं?" असे एकदा ऐकले की माणूस बोलणेच थांबवतो. बोलणे थांबले की विचारही एकाच बिंदूवर अडकतो : सोडू की नको? या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही असते, ते दिसेनासे होते.

मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. आणि नंतर बी.एड. करून एका अनुदानित संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात सहा वर्षे शिकवले. संस्थेचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, अशा संस्था बऱ्याच आहेत. मुले आवडायची. स्टाफरूम आवडायची नाही. एका एप्रिलमध्ये, सगळ्यांसमोर झालेल्या एका शब्दावरून, मी तिथेच बसून राजीनामा लिहिला, हाताने नेऊन दिला आणि घरी आलो. आई भाकरी करत होती. तिने फक्त एवढेच विचारले, "मग किराणावाल्याची उधारीची वही परत काढू का?" माझा पगार सुरू झाल्यावर तिने ती वही बंद केली होती, हे मला त्या दिवशी कळले. पुढची दोन वर्षे प्रकल्पांच्या मानधनावर आणि बायकोच्या पगारावर घर चालले. शेवटच्या महिन्याचा हिशेब मिळायला हेलपाटे घातले ते वेगळेच. नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या पद्धतीने सोडली, त्याचा आहे.

अशा चर्चेत आपले कार्यकर्ते एक उदाहरण हमखास देतात : "बाबासाहेबांनी नाही का प्राध्यापकी सोडली?" सोडली. पण कशी सोडली, हे नीट वाचणारे कमी.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. बडोद्यात राहायला जागाही मिळेना, म्हणून तिथली नोकरी सोडून ते मुंबईला आले. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला, जात कळताच गिऱ्हाईक आटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी फारसे मनावर घेतले नाही, नंतर दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलेही त्यांचे तास ऐकायला येऊ लागली. आणि त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

सुरक्षित पण दुःखी नोकरी म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तरी पाण्याच्या भांड्यावरून त्यांनी राजीनामा दिला नाही. ते परळच्या चाळीत काटकसरीने राहिले आणि लंडनसाठी पैसे साठवले. नोकरीत असतानाच जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव लावता येत नव्हते, तर पांडुरंग नंदराम भटकर यांना संपादक नेमले. मार्च १९२० मध्ये राजीनामा, त्याच महिन्यात माणगाव परिषद, जुलैमध्ये लंडन. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्यावर ते गेले. १९२३ पर्यंत एम.एस्सी., बॅरिस्टर आणि डी.एस्सी. तिन्ही पूर्ण झाले. मागे रमाईंनी घर कसे ओढले, हे आपण सगळे जाणतो. त्या राजीनाम्याची किंमत दोघांनी मिळून मोजली होती.

या सोळा महिन्यांकडे पाहिले की तीन गोष्टी दिसतात. कुठे जायचे ते ठरलेले होते. किती पैसे आणि किती काळ लागणार याचा अंदाज होता. आणि सोडण्याआधीच, नोकरीत राहून, पुढच्या कामाची सुरुवात झाली होती. शिकवण्यावर त्यांचा रोष होता असेही नाही. पुढे ते शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ या काळात तिथेच प्राचार्य होते.

दुसरे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातले. कांशीराम यांनी पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतील नोकरी १९७१ मध्ये सोडली. ही गोष्ट फार प्रेरणेने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो : नोकरी सोडलेल्या या माणसाने १९७८ मध्ये जी बामसेफ उभी केली, ती नोकरी न सोडलेल्यांची संघटना होती. सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीत राहून वेळ, पैसा आणि बुद्धी समाजाला द्यावी, हीच तिची कल्पना. एका पूर्णवेळ कार्यकर्त्यामागे पगार घेणारी किती माणसे लागतात, याचा हिशेब त्यांच्याकडे होता. "नोकरी सोड आणि चळवळीत ये" असे विशीतल्या मुलांना सांगणाऱ्यांनी तो हिशेब एकदा करावा.

जुन्नरच्या लेण्यांमधून मी मुलांना फिरवतो तेव्हा शिलालेखांजवळ थांबतो. तिथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. लेण्यात राहणारा भिक्खू घर सोडून आलेला होता, पण त्याच्या डोक्यावरचे छत धंदा न सोडलेल्या माणसांनी दिले होते. धम्मात दोघांनाही जागा आहे. सम्यक आजीविका म्हणजे कोणाचे नुकसान न करता केलेला उदरनिर्वाह, आणि गावातल्या मुलांना वाचायला शिकवणे त्यात नक्की बसते.

आता दुःखाकडे येऊ. चार आर्यसत्यांत दुःखानंतर लगेच उपाय येत नाही, आधी कारण येते. ही पायरी आपण गाळतो. मी त्या शिक्षिकेला एक साधे काम सांगितले : महिनाभर रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिही, आज दिवस कशामुळे वाईट गेला, कशामुळे बरा. राजीनामा तोवर पर्समध्येच राहू दे.

महिन्याने वही घेऊन आली. वाईट दिवसांची कारणे तिनेच वेगळी काढली होती. सर्वांत जास्त वेळा होते माहिती भरणे : आज हे ॲप, उद्या ते, पोषण आहाराची नोंद, फोटो पाठवा, रेंजसाठी टेकाडावर चढा. मग सोबतच्या शिक्षकाच्या बैठका, त्यामुळे चारही वर्ग एकटीने सांभाळणे. मग पावसातला रस्ता. आणि चार वेळा एकच नोंद वेगवेगळ्या शब्दांत होती. केंद्राच्या बैठकीत कोणीतरी तिच्याकडे बघून "जागेवरून आलेले" असे हसत म्हणाले होते. खोली बघायला गेली तेव्हा भाडे ठरण्याआधी आडनाव विचारले गेले होते. मुलांमुळे दिवस वाईट गेला, अशी नोंद महिनाभरात एकदाही नव्हती.

कारणे वेगळी झाली की त्यांचे उपायही वेगळे होतात. कामाच्या ओझ्याचा प्रश्न एकट्या राजीनाम्याने सुटत नाही, तो संघटनेने लढायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचे काम सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामावर नेमता येत नाही. प्रत्यक्षात काय चालते ते सर्वांना माहीत आहे, पण निवेदन देताना कायद्याचे कलम हातात असलेले बरे. जागेचा, एकटेपणाचा प्रश्न असेल तर बदली हा मार्ग आहे. दुसऱ्या शाळेत गेल्यावर हीच नोकरी सुसह्य झालेली माणसे मी पाहिली आहेत. पाचसहा वर्षांचा शीण असेल तर रजेचे नियम वाचावेत. साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते, बिनपगारी असाधारण रजाही असते. दोन्ही हक्काने मिळत नाहीत, मंजूर करून घ्याव्या लागतात. पण मागणाऱ्यांपेक्षा न मागणारेच जास्त.

जातीवरून होणाऱ्या छळाचे वेगळे आहे. तिथे राजीनामा देणे म्हणजे छळणाऱ्याला हवे तेच देणे, असे मला वाटते. आधी नोंद करा : तारीख, वेळ, कोण काय बोलले, कोण हजर होते. मग लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा शेवटच्या टोकाला आहेच, पण त्याच्या आधीच्या पायऱ्यांची कागदपत्रे नसतील तर तो टिकवणे अवघड जाते. बाईमाणसाला लैंगिक त्रास होत असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे समितीकडे जायचे. एक अपवाद मात्र मनापासून सांगतो. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही, नियम, हप्ते सगळे बाजूला. आधी डॉक्टर, आधी रजा. एवढ्या अवस्थेत कोणी नोकरी सोडली तर समाजाने त्याला हिशेब विचारू नये.

हे सगळे करूनही सोडायचेच असेल तर सोडावे. पण कागदाची बाजू माहीत असू द्या, कारण ती मला माहीत नव्हती.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर सही व तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची, एक स्वतःकडे ठेवायची. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन पुढे त्याचा राजीनामा करणारे संस्थाचालक होते, आहेत. म्हणून ही पद्धत जपायची. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. पाच वर्षांची सलग सेवा झाली असेल तर खाजगी शाळेतल्या शिक्षकाला उपदान मागता येते. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक त्या कायद्यात आले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने एक फरक पक्का लक्षात ठेवावा : राजीनामा म्हणजे स्वेच्छानिवृत्ती नव्हे. स्वेच्छानिवृत्ती वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर मिळते. राजीनामा दिला की निवृत्तिवेतनासाठीची आधीची सेवा जप्त होते. मात्र रीतसर परवानगी घेऊन, योग्य मार्गाने अर्ज करून दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी राजीनामा दिला तर आधीची सेवा धरली जाते. एमपीएससी करणाऱ्यांनी ना हरकत न घेता परस्पर फॉर्म भरू नयेत, ते यासाठी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे पैसे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असतात. मुदतीआधी बाहेर पडल्यास त्यातला मोठा भाग वार्षिकीत अडकतो, हातात थोडाच येतो. तेव्हा "पीएफ काढून दोन वर्षं काढू" हा हिशेब इथे जुळत नाही. आणि परतीचा रस्ता पुन्हा त्याच रांगेतून जातो : परीक्षा, पोर्टल, वयाची अट.

कायम नोकरी किती कायम, हाही प्रश्न आता आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्या धसक्याने काही जुने शिक्षक आधीच बाहेर पडण्याच्या गोष्टी करतात. भीतीने घेतलेला निर्णय आणि रागाने घेतलेला निर्णय यांत मला फार फरक दिसत नाही.

पैशाचा विचार बुद्धांना परका नव्हता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक भाग खर्चायला, दोन कामधंद्यात घालायला आणि एक अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायला. नोकरी सोडायची असेल तर हा चौथा भाग किती साठला आहे, ते मोजा. माझ्या मते घराचा निदान वर्षभराचा खर्च बाजूला हवा, आणि कर्जाचा हप्ता त्यात धरलेला हवा. तो नसेल तर तो साठेपर्यंत थांबणे हा भित्रेपणा नव्हे. त्या काळात पुढचे काम सुरू करून बघावे. समाजकार्य करायचे आहे? शनिवार-रविवारी वस्तीत अभ्यासिका चालवून बघा. सहा महिन्यांत कळते की आपल्याला ते काम हवे आहे, की फक्त शाळेपासून सुटका हवी आहे. सामाजिक संस्थांतही वरिष्ठ असतात, अहवाल असतात, फोटो पाठवावे लागतात आणि प्रकल्प संपला की मानधनही संपते. हे मी रोज जगतो. तरी मला हे काम आवडते, पण कोणाला ते स्वर्ग म्हणून विकणार नाही.

त्या शिक्षिकेने राजीनामा अजून दिलेला नाही. तो फाडलेलाही नाही. बदलीची फेरी सुरू झाली की अर्ज करायचा, "जागेवरून आलेले" म्हणणाऱ्याबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायचे आणि वर्षभर दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकायची, एवढे तिने ठरवले आहे. वर्षाने पुन्हा वही उघडून बघणार आहे. परवा फोन आला तेव्हा तिने विचारले, "दादा, आईला कधी सांगू? सगळं ठरल्यावर?" मी म्हटले, "ठरायच्या आधी सांग. मी ठरल्यावर सांगितलं होतं." येत्या रविवारी ती घरी जाणार आहे.